रॉकेलवरची ऊब

माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, आयुष्यात एकच गोष्ट सर्वस्वी स्वतःच्या डोक्यातून बनवली आणि ती जेमतेम सहा दिवस चालली. त्या सहा दिवसांविषयी आमच्या ओळखीपाळखीत जे सांगितलं जायचं ते खोटं आहे. ते खोटं मी ऐकत राहिले, माना डोलवत राहिले. आता लिहून कुणाचं भलं होईल अशी माझी समजूत नाही. म्हातारपणी मन हलकं होतं म्हणतात, तेही मला पटत नाही. पण गप्प बसायचा कंटाळा आलाय, इतकंच.

अण्णा ठाकुर्लीला रेल्वेच्या वीजघरात बॉयलरवर फिटर होते. आम्ही डोंबिवलीत स्टेशनापासून पंधरा-वीस मिनिटांवर, भातखाचरांच्या कडेला, तीन खोल्यांच्या कौलारू घरात भाड्याने राहत होतो. विटा मातीत रचलेल्या, जमीन शेणाची. पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर हात ओला व्हायचा. आई मी बारा वर्षांची असतानाच गेली. ताईचं लग्न होऊन ती ठाण्याला गेली आणि सतराव्या वर्षी मी घरची कर्तीसवरती झाले. अण्णांच्या हाताला गुण होता. कुणाचा स्टोव्ह पेटेना, कुणाच्या विहिरीवरचा रहाट कुरकुरतोय, शिवणाच्या मशीनचा पट्टा सुटतोय, की लोक आमच्या दारात. सुट्टीच्या दिवशी ओट्यावर नुसती रांग. पैसे घ्यायचे नाहीत. मी मात्र चहा करून करून वैतागायचे आणि तोंडावर बोलूनही दाखवायचे. ते हसायचे.

स्वातंत्र्य मिळून दोन पावसाळे झाले होते. ताईला दिवस राहिले आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं, असं अण्णांनी धरून ठेवलं. ताईच्या सासूबाईंनी निरोप धाडला होता की इथे पक्कं घर आहे, कोरडी खोली आहे, शिवाय तिकडे करायला बाईमाणूस कोण? यात बोचरं काहीच नव्हतं, पण अण्णांना ते बोचलं. आई नाही म्हणून मुलीचं माहेरपण चुकलं असं कुणी म्हणायला नको, एवढा एकच विचार. ताईही हट्टाने आलीच. तिला माझ्या हातचं खायचं होतं म्हणे. मला तर वरणातल्या मिठाचा अंदाज अजून येत नव्हता.

भाद्रपदात, आठव्याच महिन्यात, ताईचं पोट दुखायला लागलं. जवळच्या पाड्यावरची आगरी सुईण धावत आली आणि तिन्हीसांजेच्या आत मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. रडली ती मांजराच्या पिल्लाइतपत. सुईणीने तिला तेल लावून कापसात गुंडाळलं, वर जुन्या लुगड्याचा तुकडा, आणि म्हणाली, "गो बाय, पोर कच्ची हाय. कोमट राखाला पायजे. गार पडली का संपली."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सायकलवरून येऊन गेले. त्यांनीही तेच सांगितलं, फक्त जास्त शब्दांत. मुंबईला अशी मुलं काचेच्या पेटीत ठेवतात, पेटीतली हवा सारखी ऊन राखतात. पण या पावसात हिला तिथवर नेताना वाटेतच काही व्हायचं. तेव्हा जे करायचं ते घरीच करा. ते गेले, आणि अण्णा ओट्यावर नुसते बसून राहिले. पेटीचं त्यांच्या डोक्यात शिरलं होतं.

ऊब म्हणजे तेव्हा बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी. प्रत्येक घरात तेच होतं. सुईणीने पहिल्याच रात्री कोळशाची शेगडी लावली होती, वर ओवा आणि धूप टाकून धुरी धरली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत इतका धूर झाला की मुलीला ठसका लागला आणि तिचे ओठ काळेनिळे पडले. ताई किंचाळली. अण्णांनी आत येऊन शेगडी उचलली आणि तडक अंगणात नेऊन ठेवली.

"धूर नको," ते म्हणाले. "या खोलीत पुन्हा कोळसा आणायचा नाही."

सुईण फणकारली. बाळंतिणीला शेक नको म्हणणारा पुरुष तिने पाहिला नव्हता. मला मात्र त्यात काही नवल वाटलं नाही. धूर नको म्हणजे धूर नको. यात आणखी काय समजायचं असतं?

त्याच संध्याकाळी ते कल्याणला जाऊन मोडीच्या दुकानातून लोखंडी नळ्या घेऊन आले. दोन दिवसांची रजा टाकली होती. आमच्याकडे आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता, मधल्या नळीत चिपाडं नि गोवऱ्या घालून पेटवायचा. तो त्यांनी मागच्या पडवीत भिंतीलगत बसवला. खालची जाळी काढून तिथे एक जाड लोखंडी तवा ठोकला. भिंतीवर खिळ्याला रॉकेलचा डबा टांगला, डब्याला बारीक तोटी, तोटीला बारकी तांब्याची नळी. त्यातून रॉकेल थेंब थेंब तव्यावर पडायचं. तवा आधी चिंध्यांच्या बोळ्याने तापवला की थेंब पडता पडता पेट घ्यायचा आणि मग आपला आपण जळत राहायचा. बंबातलं ऊन पाणी वरच्या नळीने भिंतीतून बाळंतिणीच्या खोलीत जायचं, चारी भिंतींच्या कडेने घोट्याएवढ्या उंचीवरून फिरायचं, आणि गार होऊन खालच्या नळीने बंबात परत. पंप नाही, काही नाही.

"पाणी ढकलायला कोण?" मी विचारलं.

"ऊन पाणी हलकं असतं, वर चढतं. गार पाणी जड, खाली येतं. दोघांचं आपसात चालू राहतं," ते म्हणाले. इतकं लांब वाक्य ते क्वचितच बोलायचे.

मग त्यांनी खोलीची पेटी केली. कौलांखालच्या फटींत गोणपाट कोंबलं. खिडकीच्या झडपांना आतून घोंगडी ठोकली. भिंतीतल्या भेगा शेणामातीने लिंपल्या, दाराच्या खालच्या फटीला गोधडीची गुंडाळी. आत गेलं की कानात दडे बसल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी तवा पेटवला. तासाभरात नळ्या हात ठेववेना इतक्या तापल्या. खोलीत धूर नाही, राख नाही, डोळ्यांना पाणी नाही. भिंतींचा ओलसर वास गेला. ताईने पांघरूण अंगावरून बाजूला सारलं आणि कित्येक दिवसांनी पाय लांब केले.

सुईण दाराशी उभी राहून नळ्यांकडे बघत होती. "जाळ कुटं हाय?" तिने विचारलं. पडवीत, म्हटल्यावर तिला ते काही पटलं नाही. पण मुलीच्या तळपायाला हात लावून बघितलं आणि पुन्हा शेगडीचं नाव काढलं नाही.

शेजाऱ्यांची चेष्टा सुरू झाली. "काय हो, घराचं इंजिन करून कल्याणपर्यंत नेणार का?" एक म्हातारे गृहस्थ रोज विचारायचे. बायका बाळंतिणीला बघायच्या निमित्ताने यायच्या आणि नळ्यांना हात लावून चटका घेऊन जायच्या. अण्णा वरकरणी काही दाखवत नव्हते, पण त्या दिवसांत ते भांगबिंग पाडून कामावर जायचे. मी त्यांना एवढं खुशीत आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

रॉकेल मिळवताना नाकी नऊ आले. ते रेशनवर होतं, आणि हा बंब दिवसाला जेवढं प्यायचा तेवढं आम्ही दिव्याला पंधरवडाभर पुरवत असू. अण्णांनी आमची साखर देऊन टाकली. ज्यांना साखर हवी होती त्यांच्याकडून रॉकेल आणलं. गोडाधोडाला गूळ होता, तेवढ्यावर भागायचं ठरलं. मी कुरकुरले. आता तेही आठवतं.

ते पुन्हा कामावर जायला लागले तसा बंब माझ्या गळ्यात पडला. सकाळी आठ ते चार मी पडवीत. एका श्वासाला तीन थेंब पडायला हवेत, कमी पडले तर तोटी किंचित सोडायची, जास्त पडले तर आवळायची. बंबातलं पाणी कमी झालं की तांब्याभर ओतायचं. नळी चोंदलीच तर सुताएवढी तार दिली होती, ती घालून साफ करायची. तोंडाला काजळी, केसांना रॉकेलचा वास, हाताच्या रेषांमध्ये काळं. ताई आत ऊन खोलीत लोळतेय आणि मी इथे थेंब मोजतेय, याचा मला राग यायचा. ती हाक मारून म्हणायची, "अगं धाकटे, जरा ये ना बसायला." मी जायचे नाही. हे थेंब तुझ्यासाठीच आहेत ना, मग ऐक त्यांचा आवाज, असं मनात म्हणायचे.

मुलगी मात्र सुधारत होती. आधी कापसाच्या वातीने थेंबभर दूध घ्यायची, मग चमच्याने, आणि सातव्या दिवशी तिने आपणहून ओढून दूध प्यायलं. ताई रडली. अण्णा दाराआडून ऐकत होते. आठव्या दिवशी मुलगी रडली ती पडवीपर्यंत ऐकू आली. सुईण म्हणाली, आता बाराव्याला बारसं करा, पाळणा बांधा, पोर राहते. ताईने नाव ठरवलं होतं, पण बारशाआधी कुणाला सांगायचं नाही म्हणून कानात सांगायलाही तयार नव्हती. मीही विचारलं नाही.

नवव्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर थेंब थांबले.

मी तार घातली. काळी काजळी निघाली, दोन-तीन थेंब पडले, पुन्हा बंद. नळी सोडवून फुंकली. तोंडात रॉकेल गेलं, थुंकत बसले. हे सगळं होईपर्यंत तवा निवला. तेल पडायला लागलं पण पेट घेईना. चिंध्यांचा बोळा पडवीतल्या ओलाव्याने भिजलेला, काड्या सर्दावलेल्या. एकदा पेटलं ते असं भडकलं की माझ्या मनगटावरची लव जळली. मी घाबरून तोटी बंद केली. तेव्हा मला रडू आलं, खरं तर संतापानेच आलं.

नळ्या गार व्हायला वेळ लागत नाही. आतून ताईची हाक आली.

"अगं, गार पडतंय. हिचे पाय बघ कसे झालेत."

मी आत गेले. मुलीचे तळपाय खरोखरच गार होते. ताईचा चेहरा पडला होता.

"शेगडी आण ना," ती म्हणाली.

"अण्णा नको म्हणालेत. धूर होतो."

"मग धूर जाऊ दे आधी. पार फुलले की आण. अगं, पोर गारठतेय."

मला ते अगदी रास्त वाटलं. अण्णा नको म्हणाले होते ते धुराला. मी मागच्या दारी शेगडी पेटवली आणि इतकं निगुतीने काम केलं की काय सांगू. एक काळा कोळसा राहू दिला नाही. वारा घालून घालून सगळे लालबुंद केले, वर पांढरी राखही धरू दिली नाही. नाकाजवळ धरून बघितलं, धुराचा मागमूस नाही. मग खाटेखाली दोन विटांवर ठेवली, बाहेर आले, दार ओढलं आणि ऊब जाऊ नये म्हणून गोधडीची गुंडाळी खालच्या फटीला नीट दाबली. अण्णांनी शिकवलं होतं तशी.

मग पुन्हा पडवीत. नळी, तार, बोळा. अर्ध्या-पाऊण तासाने दार किलकिलं करून पाहिलं. खोली छान उबली होती. ताई कुशीवर झोपली होती, मुलगी तिच्या पोटाशी. नऊ दिवसांत ताईला सलग झोप मिळाली नव्हती. मला बरं वाटलं. म्हटलं झोपू दे. आणि मी दार पुन्हा लावून घेतलं.

माझ्या आयुष्यात मी बरीच दारं लावली असतील. मला हे एकच आठवतं.

अण्णा साडेचारला आले. पडवीत बंब गार बघून म्हणाले, "केव्हापासून?" मी म्हटलं, दुपारपासून, पण काळजी नको, शेगडी ठेवलीय, मुळीच धूर नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मला सांगता येणार नाही. ते धावले, दार लाथेने उघडलं, घोंगडी खेचून खिडकीची झडप उखडली आणि ताईला दोन्ही हातांवर उचलून बाहेर ओट्यावर आणलं. तिचे गाल लाल होते. मला वाटलं झोपेत आहे. त्यांनी तिच्या तोंडावर पाणी मारलं, खांदे हलवले, तेव्हा ती ओकली आणि कण्हली. मुलीला मी आणलं. तिचेही गाल लाल होते, एवढी टवटवीत ती जिवंतपणी कधी दिसली नव्हती. मी तिला हलवत राहिले. अण्णांनी तिला माझ्याकडून घेतलं, छातीला कान लावला, आणि मग स्वतःच्या उपरण्यात गुंडाळून ठेवली.

पावसाची सर चालू होती, त्यामुळे अंगणात कुणी नव्हतं. अण्णा आत गेले आणि शेगडी घेऊन मागच्या दारी गेले. मी मागोमाग. त्यांनी कोळशांवर पाणी ओतलं, राख आणि विझलेले कोळसे खाचरात फेकले, शेगडी मातीने घासली, धुतली आणि स्वयंपाकघरात तिच्या जागी नेऊन ठेवली. विटा परत ढिगावर ठेवल्या. भांडी घासायला बसलेल्या बाईसारखे ते नीट, सावकाश काम करत होते.

"अण्णा, धूर नव्हता," मी म्हटलं.

"लाल कोळसाच वाईट असतो, पोरी," ते म्हणाले. "धूर दिसतो तरी. कोंडलेल्या जागेत निखाऱ्यातून निघतं ते दिसत नाही, त्याला वास नाही. कामावर माणसं मेलेली पाहिलीत मी. आधी खोलीला फटी होत्या, चालून जायचं. फटी मी बुजवल्या. तुला नीट सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

मग ते उभे राहिले. "शेगडी तू नेली नाहीस. कळलं?"

मी मान हलवली. मला वाटलं, तेवढ्यापुरतं म्हणताहेत.

डॉक्टर आले. ताईची डोकेदुखी, ओकाऱ्या बघून त्यांनी विचारलं, खोलीत कोळसा होता का. अण्णा म्हणाले, नाही. मग रॉकेलची वाफ आत गेली असणार, डॉक्टर म्हणाले. अण्णा म्हणाले, "असेल. माझंच यंत्र." डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. ठाण्याहून जावई आणि सासूबाई आल्या. त्यांनाही अण्णांनी तेच सांगितलं. सासूबाई अण्णांच्या तोंडावर म्हणाल्या, "अहो, साधी शेगडी ठेवली असती तर पोर जगली असती. जगाची रीत तुम्हाला नको झाली होती." मी पाण्याचे पेले घेऊन तिथेच उभी होते. अण्णा म्हणाले, "खरं आहे." मी पेले पुढे केले.

मुलीला खाडीच्या बाजूला पुरलं. बारसं झालं नव्हतं म्हणून तिला नाव नव्हतं.

त्यानंतर ओट्यावरची रांग संपली. कुणी उघड काही बोललं नाही, पण ज्याने नातीला मारलं त्याच्या हातात स्टोव्ह कोण देणार? बायका माझ्याशी हळहळून बोलायच्या, बिचारी, बापाच्या खुळापायी भाची गेली. मी ऐकून घ्यायचे. पहिले काही दिवस वाटायचं की उद्या सांगू. मग वाटायला लागलं की आता सांगितलं तर अण्णा खोटे ठरतील. मग काही वाटेनासं झालं. भित्र्या माणसाला कारणं पुष्कळ सापडतात आणि मी भित्री होते. तोंडाने फटकळ, एवढंच.

ताई महिन्याने ठाण्याला गेली ती पुन्हा माहेरी आली नाही. दिवाळीला नाही, संक्रांतीला नाही. माझ्या लग्नाला मांडवात आली आणि परस्पर गेली. मला कार्डं यायची, त्यात अण्णांचं नाव नसायचं. अण्णा कामावरून आले की कार्ड हातात घेऊन विचारायचे, "काय म्हणते?" मी वाचून दाखवायचे आणि शेवटी पदरचं घालायचे, "तुम्हाला नमस्कार सांगितलाय." त्यांना वाचता येत होतं. तरी ते मान हलवायचे.

ताईला पुढे मुलगा झाला, ठाण्याच्या हॉस्पिटलात. अण्णांनी कल्याणहून चांदीचा वाळा आणला आणि माझ्याकडे दिला. स्वतः गेले नाहीत. म्हणाले, "तिला त्रास होईल."

माझं सासर कल्याणला. अण्णा निवृत्त झाल्यावर मी त्यांना माझ्याकडे आणलं. चार-पाच वर्षांनी त्यांची छाती बिघडली. बॉयलरवाल्यांचं असं होतंच म्हणाले सगळे. शेवटच्या आठवड्यात ते एकदाच म्हणाले, "मोठी येईल का?" मी दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याला गेले.

वाटेत ठरवून टाकलं होतं की सगळं सांगायचं. ताई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. मी पाटावर बसले आणि पाणीही न पिता बोलले. शेगडी मी नेली. अण्णांनी धुतली. यंत्रात दोष नव्हता. इतकी वर्षं तू त्यांच्यावर रागावलीस ते माझ्यामुळे. चल, त्यांच्यापाशी फार दिवस नाहीत.

ताई निवडत राहिली. मग म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"शेगडी मीच नाही का मागितली तुझ्याकडे? तू नको म्हणालीस. मी म्हटलं, फुलले की आण." तिने भाजीचं ताट बाजूला सरकवलं. "आणि त्यांनी ती धुतली ना, ते ओट्यावरून, मागच्या दारापर्यंत आरपार, दिसत होतं मला. डोकं फुटत होतं, पण दिसत होतं. आवाज येत होता घासण्याचा."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

मी सरकवलेल्या ताटातली एक काडी उचलून निवडायला लागले.

"राग कसला गं," ती म्हणाली. "त्यांच्यासमोर उभी राहायची लाज वाटत होती मला. सासूबाई त्यांना बोलत होत्या तेव्हा मी खाटेवर डोळे मिटून पडले होते. जागी होते. एक शब्द बोलायचा होता. तो नाही बोलले, मग पुढे कसं यायचं?"

इतकी वर्षं एकाच घरातल्या दोघी बहिणी एकमेकींपासून तीच गोष्ट लपवत होतो आणि मधला माणूस दोघींचं ओझं वाहत होता. ताई उठली, लुगडंही न बदलता माझ्याबरोबर निघाली. गाडीत, मुंब्र्याच्या बोगद्यात तिने माझा हात धरला आणि बाहेर आल्यावर सोडला.

अण्णा भिंतीला उशी लावून बसले होते. आडवं झालं की दम लागायचा. ताईला पाहून त्यांनी आधी डोळे पुसले आणि मग तीच बोलायच्या आत म्हणाले, "मोठे, माझी चूक झाली गं."

ताई खाटेशी खाली बसली. "अण्णा, तुमची नाही. शेगडी मी मागितली होती. मला माहीत होतं तुम्ही नको म्हणालात ते. तरी मागितली."

"आणि नेली मी," मी म्हटलं. "आता तरी स्वतःवर घेऊ नका."

ते आमच्या दोघींकडे बघत राहिले, कोड्यात पडल्यासारखे. मला वाटलं होतं त्यांना सुटल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. दम खात खात त्यांनी विचारलं, "शेगडी का मागितलीस?"

"थंडी वाजली म्हणून."

"का वाजली थंडी?"

मग त्यांनीच सांगितलं, कामावर नव्या माणसाला समजावून द्यावं तसं. रॉकेलमध्ये घाण होती. तोटीच्या तोंडाला बारीक जाळी बसवायला हवी होती. घरात जाळीचा तुकडा होता, चहाच्या गाळण्यातून काढता आला असता. बसवली असती तर नळी चोंदली नसती, तवा निवला नसता, कुणाला शेगडी मागावी लागली नसती. नुसता जाळीचा तुकडा. हे त्यांना त्या दिवशी शेगडी धुतानाच सुचलं होतं. म्हणजे लोकांना ते जे सांगत आले ते आम्हाला वाचवायला सांगितलेलं नव्हतंच, किंवा तेवढ्यासाठीच नव्हतं. त्यांच्या लेखी ते खरं होतं. दहा वर्षं रोज ते मनातल्या मनात त्या तोटीला जाळी बसवत होते.

"तुमचा काय दोष," ते म्हणाले. "तुम्हाला गार लागलं, एवढंच ना."

तेव्हा आमच्यापैकी कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं. मला शब्दसुद्धा सुचले होते. दार मी उघडून पाहिलं होतं, अण्णा, आणि परत लावलं होतं, हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, ताईलाही नाही. त्या दाराचा दोष तोटीच्या जाळीवर ढकलता आला नसता. पण त्यांनी आमच्यावरचं ओझं इतक्या सहज काढून घेतलं की मला हायसं वाटलं. ताईलाही वाटलं असणार, ती त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागली होती. मी त्यांना पाणी पाजलं आणि म्हटलं, "पडा आता जरा." तिसऱ्या दिवशी ते गेले, चूक आपलीच होती असं समजून.